न कुजणाऱ्या होडीचे कुजलेले लाकूड

काचेला बुरशी लागत नाही आणि प्लास्टिक कुजत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. प्लास्टिकच्या कचऱ्याविषयी आपली मुख्य तक्रारही तीच असते. तेव्हा काच आणि प्लास्टिक एकत्र करून घडवलेली होडी कुजणे शक्यच नाही, असे कोणालाही वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फायबरग्लासच्या होड्या लोकप्रिय झाल्या, त्यामागेही ‘आता लाकडाची कटकट संपली’ हाच दिलासा होता. असे असूनही त्या काळातली एखादी जुनी होडी आज विकत घ्यायची झाली, तर जाणकार माणूस सर्वांत आधी तिच्या मागच्या बाजूला जातो आणि हातोडीच्या मुठीने ती जागोजाग वाजवून पाहतो. माठ विकत घेताना आपण तो वाजवून पाहतो, तसेच हे. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आतले लाकूड कुजलेले आहे असे समजावे.

न कुजणाऱ्या होडीत हे कुजणारे लाकूड आले कोठून? ते आत का ठेवले? आणि प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवलेले लाकूड उघड्यावरच्या लाकडापेक्षाही लवकर का कुजते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना शाळेत शिकवलेली तरफ, केशाकर्षण, विसरण, बुरशी आणि बहुवारिके ही सर्व प्रकरणे एकामागून एक भेटतात. म्हणून या लेखात आपण अशी एक होडी मनाने उघडून पाहू आणि ती पुन्हा पाण्यात जाण्याजोगी कशी करतात तेही पाहू.

होडीची पाठ

फायबरग्लासची होडी साच्यात घडवतात. साच्याच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर आधी रंगीत रेझीनचा पातळ थर देतात. त्यावर काचतंतूंची चटई किंवा कापड अंथरून ते द्रवरूप पॉलिएस्टर रेझीनने भिजवतात. असे थरावर थर चढवले जातात. रेझीन घट्ट झाले की साच्यातून होडीचे अखंड कवच निघते. यात काचतंतू ताण सोसतात, तर रेझीन त्या तंतूंना जागच्या जागी धरून ठेवते. सिमेंट-काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्यांचे जे काम, तेच येथे काचतंतूंचे.

लहान मोटरहोडीचा पुढचा भाग निमुळता असतो, पण मागचा भाग मात्र एखाद्या फळीसारखा सपाट आणि उभा असतो. या सपाट पाठीला ट्रान्सम म्हणतात. होडीबाहेर टांगायचे इंजिन, म्हणजे आउटबोर्ड मोटर, याच पाठीवर अडकवलेले असते. ओल इव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत अशा मोटरी विकायला सुरुवात केली. ही मोटर सोयीची खरी, पण तिचा सगळा भार आणि सगळा जोर एकट्या पाठीला सोसावा लागतो.

हा जोर किती असतो याचा अंदाज करू. समजा, ४० अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ३० किलोवॉटची मोटर आहे आणि होडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चालली आहे. पंख्याकडून पाण्यात जाता जाता निम्मी शक्ती वाया गेली असे धरले, तर १५,००० वॉट उरतात. शक्तीला वेगाने भागले की बल मिळते. १५,००० ला १० ने भागल्यावर १,५०० न्यूटन येतात, म्हणजे सुमारे १५० किलोग्रॅम वजनाएवढा जोर झाला.

पण गोष्ट येथेच संपत नाही. पंखा पाण्याखाली असतो आणि मोटर पाठीच्या वरच्या कडेला बांधलेली असते. वरच्या बोल्टांपासून पंखा ६० सेंटिमीटर खाली आणि मोटरच्या पकडीचे खालचे टोक ३० सेंटिमीटर खाली आहे असे धरू. आता ही सरळसरळ तरफ झाली. वरच्या बोल्टांभोवती परिबल काढले, तर १५० गुणिले ६० भागिले ३० म्हणजे ३०० किलोग्रॅमचा जोर पकडीच्या खालच्या टोकापाशी पाठीला पुढे रेटतो. त्याच वेळी वरचे बोल्ट पाठीला १५० किलोग्रॅमच्या जोराने मागे ओढत असतात. म्हणजे पाठ नुसती ढकलली जात नाही, ती पिळवटली जाते. मोटरचे वजनही पाठीच्या मागे लोंबत असल्याने तेही याच दिशेने भर घालते. आकडे आम्ही सोयीसाठी सोपे घेतले आहेत, पण प्रत्यक्षातले चित्र फारसे वेगळे नसते. ही पाठ वेगात असताना फाटली, तर मोटर पाण्यात जाते, मागच्या भगदाडातून पाणी आत येते आणि होडी बुडू शकते. म्हणूनच पाठीचा प्रश्न हा दिसण्याचा नाही, जिवाचा आहे.

दोन पापुद्र्यांमधले लाकूड

एवढा पीळ सोसायचा तर पाठ ताठ हवी. ती भरीव फायबरग्लासची केली तर जड आणि महाग होते. तेव्हा होडी बांधणाऱ्यांनी दुसरी युक्ती वापरली. बाहेर फायबरग्लासचा एक पापुद्रा, आत दुसरा पापुद्रा आणि दोहोंच्या मध्ये प्लायवूड. साधारणपणे १९ मिलिमीटरचे दोन तक्ते एकमेकांना चिकटवून ३८ मिलिमीटर जाडीचा गाभा करतात.

ही युक्ती किती गुणकारी आहे ते पाहू. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. समजा, दोन्ही पापुद्रे प्रत्येकी ४ मिलिमीटरचे आहेत. ते एकमेकांवर नुसते सुटे ठेवले तर त्यांचा जो ताठपणा असतो, त्याच्या तीनशे पटींहून अधिक ताठपणा तेच पापुद्रे ३८ मिलिमीटरच्या गाभ्याला दोन्हीकडून पक्के चिकटवल्यावर मिळतो. यात लाकडाचा स्वतःचा ताठपणा धरलेलाच नाही. पाठ वाकू लागली की एका बाजूचा पापुद्रा ताणला जातो आणि दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. या दोघांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवणे आणि एकमेकांवरून सरकू न देणे, हे गाभ्याचे काम.

आता गाभा कुजला तर काय होईल? बाहेरून होडी चकचकीत दिसेल. दोन्ही पापुद्रे शाबूत असतील. पण त्यांना बांधून ठेवणारे मधले लाकूड भुसभुशीत झाल्याने ते दोघे सुटे पडतील आणि तीनशे पटींची ती मिळकत हळूहळू नाहीशी होईल. म्हणून मोटर बांधून बसवलेली असताना तिचा खालचा भाग हाताने वरखाली हलवून पाहतात आणि पाठीकडे नजर ठेवतात. पाठ मोटरबरोबर हलली, तर आतली सोबत तुटली आहे हे ओळखावे.

कुजण्यासाठी काय लागते?

लाकूड पाण्याने कुजते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, मानवेल असे तापमान, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन. यांतली एक जरी काढून घेतली तरी कुजणे थांबते.

पाण्याचे प्रमाण मोजताना ते कोरड्या लाकडाच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. १०० ग्रॅम कोरड्या लाकडात २० ग्रॅमपेक्षा कमी पाणी असेल, तर बुरशी वाढत नाही. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पाणी पेशीभित्तिकांमध्ये मुरते. त्यापुढचे पाणी पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठू लागते आणि मग बुरशीचे चांगलेच फावते. मात्र पोकळ्या पाण्याने पूर्ण भरल्या की हवेला जागा उरत नाही आणि बुरशी गुदमरते. स्वीडनचे ‘वासा’ हे लाकडी युद्धजहाज १६२८ मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले, तेव्हा ते बव्हंशी शाबूत होते. थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी आणि लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांना न मानवणारा त्या समुद्राचा कमी खारेपणा, यांनी ते ३३३ वर्षे राखले. जहाज वर आल्यावरच त्याची खरी काळजी सुरू झाली.

म्हणजे पूर्ण कोरडे लाकूड टिकते आणि पूर्ण बुडालेले लाकूडही बुरशीपासून वाचते. नाश होतो तो मधल्या अवस्थेत, ना धड ओले ना धड कोरडे अशा लाकडाचा. आणि फायबरग्लासच्या दोन पापुद्र्यांमध्ये नेमकी हीच अवस्था वर्षानुवर्षे टिकून राहते.

येथे आणखी एक गंमत आहे. खाऱ्या पाण्यात या बुरशा नीट वाढत नाहीत. लाकडी जहाजांच्या फासळ्यांमधल्या जागेत मीठ भरून ठेवण्याची पद्धत पूर्वी अमेरिकेत होती, ती याच कारणासाठी. तेव्हा होडीचा खरा शत्रू समुद्र नसून पाऊस आहे. अंगणात गाड्यावर ठेवलेल्या, पावसाचे पाणी साठलेल्या होडीची पाठ समुद्रात रोज फिरणाऱ्या होडीपेक्षा आधी कुजू शकते.

प्लायवूडवर ‘मरीन’ असा शिक्का असला म्हणजे ते कुजत नाही, हाही एक गैरसमज. तो शिक्का मुख्यतः थरांना जोडणारा गोंद उकळत्या पाण्यातही न सुटणारा आहे आणि थर निर्दोष आहेत हे सांगतो. गोंद टिकला तरी लाकूड ते लाकूडच. आपल्याकडच्या सागाची गोष्ट वेगळी. सागात बुरशीला न मानवणारी रसायने निसर्गतःच असतात. अमेरिकी प्लायवूड बहुधा डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे असते आणि त्याला सागाएवढी प्रतिकारशक्ती नसते.

या बुरशांपैकी एक गट लाकडातले सेल्युलोज खातो आणि तपकिरी लिग्निन मागे ठेवतो. लाकूड तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात आणि ते बोटाने चुरता येते. या बुरशीची विकरे आकाराने मोठी असल्याने अखंड पेशीभित्तिकेत शिरू शकत नाहीत. म्हणून ती आधी लहान रेणूंच्या साहाय्याने, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह यांच्या अभिक्रियेतून, सेल्युलोजच्या लांब साखळ्या जागोजाग तोडते. साखळ्या तुटल्या की बळ जाते, पण वजन अजून फारसे घटलेले नसते. लाकडाचे वजन जेमतेम १० टक्क्यांनी कमी होते, तेव्हा त्याची धक्का सोसण्याची क्षमता निम्म्याहून अधिक गेलेली असते. म्हणून ‘थोडेसेच कुजले आहे’ या वाक्यावर विसंबू नये.

आत जाण्याची वाट आणि बाहेर येण्याची वाट

पाणी आत जाते ते भोकांतून. मोटरचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, खोली मोजणाऱ्या उपकरणाची पट्टी आणि तळातले पाणी सोडण्यासाठी ठेवलेले भोक, अशी डझनभर भोके या पाठीला पडलेली असतात. प्रत्येक भोक पापुद्रा भेदून थेट लाकडात जाते. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने पाणी झपाट्याने शोषले जाते, आडव्या दिशेने सावकाश. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असल्याने कोणत्याही भोकात काही थरांची उघडी तोंडे असतातच. बोल्टाभोवतीचे लुकण वर्षा-दोन वर्षांत सैल होते आणि केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते.

मग ते पाणी बाहेर का येत नाही? होडी वर्षातले दहा महिने कोरड्या जमिनीवर असली तरीही? याचे उत्तर विसरणात आहे. भोकातून पाणी द्रवरूपाने आत येते. पण बाहेर जाताना त्याला वाफेच्या रूपाने, लाकडाच्या आतून भोकापर्यंत वाट काढत जावे लागते, कारण दोन्ही बाजूंना पापुद्रे आहेत. विसरणाने जायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, १ सेंटिमीटर अंतरावरचे पाणी निघून जायला १ दिवस लागतो. तर २० सेंटिमीटर अंतरावरच्या पाण्याला २० दिवस नव्हे, २० गुणिले २० म्हणजे ४०० दिवस लागतील. तोपर्यंत पुढचा पावसाळा येऊन गेलेला असतो.

या लेखाचा मुख्य मुद्दा तो हाच. आवरण पाण्याला बाहेर ठेवते ते जोवर अखंड आहे तोवर. त्याला एक भोक पडले की तेच आवरण पाण्याला आत कोंडून ठेवते. उघड्यावरची फळी भिजते आणि वाळते. आवरणातली फळी भिजते आणि ओलीच राहते.

दुरुस्ती

कुजलेल्या पाठीला वरून भोके पाडून पातळ एपॉक्सी ओतावे, म्हणजे ते लाकडात मुरून घट्ट होईल, असा एक सोपा उपाय सुचवला जातो. तो फसवा आहे. कुजलेल्या लाकडाच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात; एपॉक्सी त्या पाण्याला हटवू शकत नाही. आणि तुटलेल्या सेल्युलोजच्या साखळ्या कोणतेही एपॉक्सी पुन्हा जोडत नाही. गाभा काढून नवा घालणे हाच खरा उपाय.

आधी मोटर उतरवतात. होडीला खालून सगळीकडे सारखा आधार देतात, कारण पाठ मोकळी केल्यावर कवच फाकू शकते. मग आतला पापुद्रा कडेपासून सुमारे ५ सेंटिमीटर आत कापून काढतात. बाहेरचा पापुद्रा ठेवतात, कारण होडीचा मूळ आकार आणि पाठीचा कल तोच सांभाळतो. कुजलेले लाकूड छिन्नीने निघते, बहुतेकदा हातानेही. जे चांगले चिकटलेले आहे तेही काढून टाकतात, कारण त्यात बुरशीचे धागे पोहोचले नसतील असे सांगता येत नाही. आजूबाजूच्या तळातल्या लाकडी तुळयांना ओल लागली आहे का, तेही याच वेळी पाहतात.

यानंतर पापुद्र्याची आतली बाजू जाड दाण्याच्या पॉलिश कागदाने खरवडतात. ही पायरी कंटाळवाणी, पण सर्वांत महत्त्वाची. जुने पॉलिएस्टर पूर्ण जमलेले असल्याने नव्या रेझीनशी जोडून घेण्याजोगी रासायनिक टोके त्यात फारशी उरलेली नसतात. नवा थर टिकतो तो खरखरीत पृष्ठभागाला धरून. जेथे नवा पापुद्रा जुन्याला मिळणार तेथे जुन्याची कड उतरती करतात. उतार साधारण १२ ला १ ठेवतात. म्हणजे ६ मिलिमीटर जाडीसाठी ७२ मिलिमीटर रुंद उतार. जोड जितका रुंद तितका चिकटण्याचा पृष्ठभाग मोठा, आणि दर चौरस सेंटिमीटरवर येणारा भार कमी.

पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम प्लायवूडचे दोन तक्ते कापतात, एपॉक्सीने एकमेकांना चिकटवतात आणि सगळ्या कडांना एपॉक्सी पाजतात. कड पहिला हात पिऊन टाकते, म्हणून पुन्हा पुन्हा लावावे लागते. मग एपॉक्सीत सिलिकाची बारीक पूड मिसळून श्रीखंडासारखे दाट करतात, ते दातेरी पट्टीने पापुद्र्यावर पसरतात आणि गाभा त्यात दाबून बसवतात. मध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर उद्या तीच पाण्याची घरे होतात. काटकोनी कोपरे त्याच लुकणाने गोलसर करतात, कारण काचेचे कापड तीव्र कोपऱ्यात वळत नाही, उचलले जाते. शेवटी कापडाचे थर, प्रत्येक थर आधीच्याहून थोडा मोठा घेऊन, गाभ्यावरून होडीच्या बाजूंवर आणि तळावर नेतात. पाठीवरचा जोर साऱ्या होडीत वाटला जावा म्हणून.

पॉलिएस्टर की एपॉक्सी?

दोन्ही रेझिने द्रवापासून घन होतात, पण वेगवेगळ्या रीतीने. पॉलिएस्टर रेझिनात स्टायरीन मिसळलेले असते. त्यात १ ते २ टक्के पेरॉक्साइड घातले की साखळी अभिक्रिया सुरू होते आणि स्टायरीनचे रेणू पॉलिएस्टरच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पेरॉक्साइड येथे काडेपेटीतल्या काडीसारखे: थोडे अधिक पडले तर आग लवकर पेटते, थोडे कमी पडले तर उशिरा. एपॉक्सीचे तसे नाही. त्याचा हार्डनर हा काडी नसून जोडीदार असतो. त्याचा प्रत्येक रेणू एपॉक्सीच्या रेणूंशी जोडला जाऊन स्वतः घनाचा भाग होतो. म्हणून लवकर वाळावे या हेतूने हार्डनर जास्त घातला, तर उरलेला हार्डनर जोडीदाराविना तसाच राहतो आणि सांधा मऊ पडतो. प्रमाण सांगितले तेच ठेवायचे. हवी तर ‘जलद’ किंवा ‘मंद’ जातीचा हार्डनर निवडायचा.

एपॉक्सी लाकडाला आणि जुन्या फायबरग्लासला अधिक घट्ट चिकटते, पण महाग असते. पूर्ण खरवडलेल्या पृष्ठभागावर पॉलिएस्टरनेही काम केले जाते. दोन्ही अभिक्रिया उष्मादायी आहेत. पेल्यात ठेवलेले एपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावते, तर तेच पसरट ताटलीत ओतले की पृष्ठभाग वाढल्याने उष्णता निघून जाते आणि ते कितीतरी वेळ कामाजोगे राहते. ही कामे विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याजोगी नाहीत. स्टायरीनची वाफ, काचेची धूळ आणि डोळ्यांना कायमची इजा करू शकणारे पेरॉक्साइड यांच्याशी गाठ असते. मोकळी हवा, चष्मा, हातमोजे आणि योग्य मुखपट्टी यांना पर्याय नाही.

खरी दुरुस्ती भोकांची

नवी पाठ तयार झाली की पुन्हा मोटर बसवायची, म्हणजे पुन्हा भोके पाडायची. येथेच दुरुस्ती टिकणार की नाही हे ठरते. नुसते भोक पाडून बोल्ट ठोकला, तर जी कहाणी जुन्या पाठीची झाली तीच नवीचीही होणार. म्हणून १२ मिलिमीटरचा बोल्ट बसवायचा असेल, तर आधी २० मिलिमीटरचे भोक पाडतात, ते दाट एपॉक्सीने पूर्ण भरतात आणि ते घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध १२ मिलिमीटरचे भोक पाडतात. आता बोल्टाभोवती ४ मिलिमीटर जाडीची एपॉक्सीची नळी तयार झाली. लुकण सैल होऊन पाणी आले, तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही. पाणी सोडण्याच्या भोकालाही असेच चिलखत देतात. होडी उभी करून ठेवताना तिचे नाक वर करायचे आणि मागचे बूच काढून ठेवायचे, ही फुकटची काळजीही तितकीच मोलाची.

आणखी एक खबरदारी. अमेरिकेत १९७१ च्या कायद्यानंतर लहान मोटरहोड्यांवर किती अश्वशक्तीची मोटर चालेल हे सांगणारी पट्टी लावणे सक्तीचे झाले. आजच्या चार-स्ट्रोक मोटरी तेवढ्याच शक्तीच्या जुन्या दोन-स्ट्रोक मोटरींपेक्षा बहुधा जड असतात. तेव्हा पाठ नवी केली, तरी होडी तीच जुनी आहे हे विसरून चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

आपल्या किनाऱ्यावरही आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात आणि जुन्या लाकडी होडीला बाहेरून फायबरचे अस्तर देण्याची रीतही रुळली आहे. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्थेने रबराच्या झाडाच्या लाकडापासून छोट्या होड्या बनवल्या. त्यात आधी लाकडाला संरक्षक रसायन पाजले आणि मगच वर फायबरचे आवरण दिले. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. ओल्या किंवा कुजू लागलेल्या लाकडावर अस्तर चढवणे म्हणजे रोग्याला खोलीत कोंडून दार लावून घेणे.

दुसरे कारण कचऱ्याचे. जमलेले पॉलिएस्टर पुन्हा वितळत नाही. त्याच्या साखळ्या आडव्या पुलांनी कायमच्या बांधल्या गेलेल्या असतात. म्हणून फायबरग्लासची टाकून दिलेली होडी वितळवून दुसरी होडी करता येत नाही. ती किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून राहते. फ्रान्समध्ये २०१९ पासून अशा मोडीत निघालेल्या होड्या गोळा करून सुटे भाग करण्याची देशव्यापी व्यवस्था चालवली जाते, यावरून प्रश्नाचा आकार कळतो. कवच शाबूत असलेली होडी केवळ दोन तक्ते कुजले म्हणून टाकून देणे, हे त्या दृष्टीने फार महाग पडते.

वर्गात करून पाहा

१. जाड पुठ्ठ्याच्या ३० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद अशा चार पट्ट्या आणि त्याच मापाचे, २ सेंटिमीटर जाडीचे थर्मोकोलचे दोन तुकडे घ्या. एका संचात पट्ट्या थर्मोकोलच्या दोन्ही बाजूंना फेव्हिकॉलने चिकटवा आणि दोन दिवस वजनाखाली वाळू द्या. दुसऱ्या संचात त्या नुसत्या ठेवा. दोन्ही संच दोन पुस्तकांवर पुलासारखे ठेवून मध्यभागी सारखी वजने ठेवा. कोणता किती वाकतो ते पट्टीने मोजा. सामान तेच, मग फरक कशामुळे पडला, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.

२. खोक्याच्या लाकडाचे एकाच मापाचे दोन तुकडे रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून पुसा आणि वजन करा. एक तुकडा उघडा ठेवा. दुसऱ्यावर मेणाचा जाड लेप देऊन सुईने एकच भोक पाडा आणि त्याचे लेपासकट पुन्हा वजन करा. महिनाभर रोज दोन्ही तुकड्यांची वजने करून आलेख काढा. उघड्या तुकड्याची रेषा लवकर खाली येऊन सपाट होईल. दुसरी रेषा किती सावकाश उतरते ते पाहिले, की होडीची पाठ का कुजते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.